वगळलेलं घर

गावात तिला चौकशीबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही. अशी नावं ठेवणाऱ्याचा पत्ता कधी लागत नाही, आणि एकदा चिकटलेलं नाव सोडवणाराही कधी सापडत नाही. शिवाय नावात खोटं काही नव्हतं. शहरातली एक संस्था आसपासच्या खेड्यांमधली माणसं किती सुखात आहेत याचा अभ्यास करत होती आणि दारोदार जाऊन तसं विचारण्याचं काम हिच्याकडे होतं. झोप नीट लागते का, अडीनडीला कोण धावून येतं, मनातलं कुणाशी बोलता, एकंदर आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल. आता आयुष्य म्हणजे काय गणिताचा पेपर आहे? पण संस्थेला गुण हवे असत आणि लोकही ते देत. दारात आलेल्या माणसानं काही विचारलं आणि आपण गप्प बसलो, हा त्यांच्या लेखी उर्मटपणा होता.

नोकरी लागली तेव्हा घरात हसायला एक नवीन विषय मिळाला. तिचा नवरा पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचा. नाक्यावर त्याचं पत्र्याचं दुकान होतं. संध्याकाळी हात राखुंडीनं घासत तो विचारायचा, "मग, आज किती सुख गोळा केलंत चौकशीबाई?"

"चार घरं झाली."

"म्हणजे पावशेरच की. यात भागायचं कसं आपलं?"

सासू आतून म्हणायची, "तिची चेष्टा करू नकोस रे. तुझ्या मोटारी बोलत नाहीत, तिची माणसं बोलतात." तिघांचंच घर होतं. मूलबाळ झालं नाही, आणि त्यावरून सासूनं तिला कधी एक शब्दही सुनावला नाही. नात्यातली कुणी बाई बोलायला गेलीच तर सासू म्हणायची, "माझी सून आहे, मी बघेन." एवढं म्हणणारी सासू नशिबानंच मिळते, हे तिलाही ठाऊक होतं.

ती मुळात बोलकी. बोलकी म्हणजे नळावर पाणी भरायला गेली तर कळशी भरून वाहायला लागायची आणि हिचं वाक्य संपायचं नाही. कुणाचं ऐकून डोळ्यांत पाणी यायलाही तिला वेळ लागत नसे. म्हणूनच तर संस्थेनं तिला घेतलं. माणसं हिच्याजवळ मन मोकळं करतील असं त्यांना वाटलं. आणि पहिल्याच महिन्यात घोळ झाला.

झालं असं. एका खेड्यात एका गल्लीत पहिल्याच घरी एक म्हातारा भेटला. त्याचा मुलगा त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी चूल मांडून राहत होता आणि बापाशी बोलत नव्हता. म्हाताऱ्यानं ते सांगितलं आणि चौकशीबाईला रडू फुटलं. म्हातारा घाबरला, त्यानं पाणी आणवलं, पाठीवर थोपटलं, आणि ती पुढच्या घरी गेली. पुढच्या घरी दुःख. त्याच्या पुढच्या घरी त्याहून मोठं दुःख. गल्ली संपेपर्यंत तिनं इतकी दुःखं ऐकली की संस्थेच्या कागदावर ती गल्ली म्हणजे पृथ्वीवरची सगळ्यात दुर्दैवी जागा ठरली. नंतर कळलं, म्हाताऱ्याच्या नातीनं मागच्या दारानं पळत जाऊन सगळ्यांना निरोप दिला होता: बाई चांगल्या आहेत, लांबून आल्यात, त्यांना दुःखाचं ऐकायला आवडतं. मग काय, दारात आलेल्या पाहुणीला जे आवडतं ते द्यायचं. ज्यांच्याकडे स्वतःचं नव्हतं त्यांनी मेव्हण्याचं दिलं.

संस्थेत एक मोठ्या बाई होत्या, या सगळ्या अभ्यासाच्या प्रमुख. त्या हे ऐकून खूप हसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती माणसं खोटारडी नाहीत. त्यांनी तुझा पाहुणचार केला. तू रडलीस तर ते दुःख वाढणार, तू हसलीस तर सुख वाढणार. तुझ्या चेहऱ्यावर काय आहे ते बघून ते ताट करणार. म्हणून चेहऱ्यावर काही ठेवूच नकोस."

मग तिला ते शिकवलं गेलं. प्रश्न नेहमी त्याच शब्दांत, त्याच स्वरात. मान हलवायची नाही. 'अरेरे' नाही, 'वा' नाही, 'असं का झालं' तर नाहीच नाही. उत्तर ऐकायचं, "बरं" म्हणायचं, लिहायचं आणि पुढचा प्रश्न. शेवटी एकच वाक्य: वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. दोन खुर्च्या समोरासमोर मांडून शिकणाऱ्या दोघीदोघी बसायच्या. एकीनं वाईटातलं वाईट सांगायचं, दुसरीनं ऐकायचं. ओठ हलला, भुवई हलली, की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला ती रोज हरायची. हळूहळू जमलं, आणि जमलं ते इतकं जमलं की संस्थेत नव्या येणाऱ्यांना तिच्या हाताखाली शिकायला देऊ लागले. एका बाईनं तिला जळालेल्या लेकीबद्दल सांगितलं, हिनं "बरं" म्हटलं आणि लिहिलं. घरी येताना तिला वाटलं, आज छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. तिला तेव्हा ते कामातलं यशच वाटलं.

तिच्या भागातली माणसं मात्र संस्थेला चक्रावून टाकत होती. या भागातल्या गावांत दवाखाना नीट चालत नव्हता, उन्हाळ्यात पाण्याचे हाल होते, पोरं कामाला बाहेर गेली की परतत नव्हती, आणि तरी गुण विचारले की आठ, नऊ. कोरा चेहरा ठेवला तरी आठ, नऊ. शहरातल्या कुणीतरी तर चौकशीला जाणाऱ्या बायका झाडाखाली बसून मनानंच कागद भरतात अशी शंका काढली. मोठ्या बाईंनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. त्या स्वतः खेड्यात वाढलेल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि ती मूठ उघडायला लावणारा माणूस कितीही गोड बोलला तरी परका असतो. घरातलं घरात गिळायचं, दारात हसून उभं राहायचं, याला ही माणसं अब्रू म्हणत. अशा माणसाला 'तू सुखी आहेस का' विचारणं म्हणजे 'तुझी अब्रू शाबूत आहे का' असं विचारणं. कोण नाही म्हणेल?

म्हणून मोठ्या बाईंनी प्रश्न बदलले. गुणांचा प्रश्न ठेवला, पण सगळ्यांत शेवटी. आधी माणसांना ज्याची किंमत वाटते तेच विचारायचं ठरवलं. तुमच्या मते चांगलं घर कोणतं? माणसानं दुःख कसं सोसावं? गावात कुणाला मान आहे आणि का? एवढं बोलून झाल्यावर माणूस स्वतःच्या घराकडे बघतो, आणि मग दिलेला गुण जरा खरा असतो, असं त्यांचं म्हणणं. चौकशीबाईनंही या कामात एक गोष्ट हेरली होती. पटकन आलेलं नऊ हे दारातलं असतं. जरा थांबून आलेला आकडा, मग तो कितीही असो, आतून आलेला असतो.

असं सगळं चाललं असताना तिचा नवरा गेला.

दुकानात स्टुलावर बसून मोटारीला तार गुंडाळत होता. समोरच्या चहावाल्यानं पाहिलं तर तो मोटारीवर डोकं टेकून बसलेला. त्याला वाटलं, डुलकी लागली. हाक मारायला गेला तेव्हा कळलं. घरी आणलं, माणसं जमली. सासूनं जो हंबरडा फोडला तो वेशीपर्यंत ऐकू गेला. आणि चौकशीबाई भिंतीला टेकून उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाकडे ती बघत होती, ते काय बोलतात ते ऐकत होती, आणि म्हणत होती, "बरं."

पुढचे दिवस बायका भेटायला येत. जवळ बसत, हात हातात घेत, डोळ्याला पदर लावत. ती ऐकून घ्यायची. पहिल्याच दिवशी शेजारीण उठायला लागली तेव्हा हिच्या तोंडून निघालं, "वेळ दिल्याबद्दल आभारी आहे." शेजारीण तिच्याकडे बघतच राहिली. हिला आपण काय बोललो ते कळलं, पण शरमसुद्धा नीट वाटली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य आलं. गावाला चघळायला तेवढं पुरलं. कुणी म्हणालं, धक्का बसलाय बिचारीला. कुणी म्हणालं, धक्का कसला, शिकलेल्या बायका अशाच. गावाचं तोंड कुणी धरावं?

गावाचं एक वेळ चाललं असतं. पण सासूही बघत होती. म्हातारी भिंतीकडच्या खाटेवर बसून सुनेला बघायची. सून पाणी तापवते, भात लावते, दुकानाची किल्ली खिळ्याला अडकवते, त्याचे कपडे घडी करून ठेवते, आणि डोळा कोरडा. एका सकाळी म्हातारीनं विचारलं, "तुमचं दोघांचं काही बिनसलं होतं का?"

"नाही, आई."

"मग तो नकोसा झाला होता का तुला?"

"नाही."

तिनं ते दोन्ही 'नाही' एकाच स्वरात म्हटले. तिला स्वतःला ऐकू आलं. नवऱ्यावर तिचा जीव होता, अजून होता, पण तो जीव कुठे ठेवला ते तिला सापडत नव्हतं. ती खरंच शोधायची. दुकानात जाऊन त्या स्टुलावर बसून पाहिलं. त्याचा डबा उघडून पाहिला. काही वाटेना, आणि काही वाटत नाही याची भीती तेवढी वाटायची. हे सासूला सांगावं तर कसं सांगावं? सांगायला लागली की आवाज कामावरचा व्हायचा, जसं काही ती दुसऱ्याच कुणाच्या घरचं वाचून दाखवते आहे. म्हातारीनं त्यानंतर तो विषय काढला नाही. तिनं लेकीला निरोप धाडला.

लेक दोन गावं सोडून दिलेली होती. तिचा उलट निरोप आला: रविवारी न्यायला येते, सामान बांधून ठेव. म्हातारी सुनेला एवढंच म्हणाली, "थोडे दिवस जाऊन येते." थोडे दिवस म्हणजे काय ते दोघींनाही कळत होतं. त्या वयात थोड्या दिवसांसाठी कुणी गोधडीसकट जात नाही. आणि मुलगा गेल्यावर सासूनं सुनेचं घर सोडलं, की गावात त्याचा एकच अर्थ होतो. पण गावाचं चौकशीबाईला फारसं पडलं नव्हतं. म्हातारी गेली की त्या घरात 'आई' म्हणायलाही कुणी उरणार नव्हतं. थांबा, असं म्हणायचं तिनं रोज ठरवलं. ते कामावरच्या प्रश्नासारखं सपाट निघेल या धास्तीनं रोज गिळलं.

त्याच आठवड्यात संस्थेचं काम तिच्या गावात आलं. स्वतःच्या गावात स्वतः विचारायचं नाही असा नियम, म्हणून तिथं नवी बाई आली. ही नवी बाई आधी औषधाच्या दुकानात होती, गोल चेहऱ्याची, हसरी, आणि बोलायला लागली की गिऱ्हाईक आपण काय घ्यायला आलो होतो ते विसरायचं. हिला कोरा चेहरा शिकवताना चौकशीबाईचे बरेच दिवस गेले होते. दुसराही एक नियम होता: काम करणाऱ्या बाईचं घर वगळायचं. तिथली उत्तरं धरायची नाहीत. त्यामुळे नवी बाई गल्लीतली घरं करत आली, चौकशीबाईचं दार आलं तशी उंबऱ्यापाशी हसली आणि पुढे निघाली.

खाटेवरून आवाज आला, "ओ बाई. या घरात माणसं राहत नाहीत का?"

नवी बाई थबकली. "तसं नाही आजी. नियम आहे."

"अख्ख्या गल्लीला विचारलंत. त्या मुक्या शिंप्यालासुद्धा खुणांनी विचारलंत. माझंच दार का ओलांडलंत? माझ्या घरी मयत झालं म्हणून?"

न विचारलं जाणं हा अपमान असतो. लग्नाचं बोलावणं शेजाऱ्याला आलं आणि आपल्याला आलं नाही, तसाच. नव्या बाईनं आत चौकशीबाईकडे पाहिलं. तिनं खुणेनंच सांगितलं, विचार. विचारून घे, नंतर खोडून टाकता येईल. आणि ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात नुसता एक पडदा होता.

"तुमच्या मते चांगलं घर कोणतं, आजी?"

"ज्या घरात एकाला ठेच लागली की दुसरा आई गं म्हणतो, ते."

"बरं. माणसानं दुःख कसं सोसावं?"

"चारचौघांत गप्प बसावं. घरात रडावं."

"बरं. अडीनडीला धावून येईल असं कोण आहे?"

"होतं. माझा मुलगा होता. तो गेला."

"बरं," नवी बाई म्हणाली आणि लिहू लागली. पडद्याआड चौकशीबाईनं ते 'बरं' ऐकलं आणि तिच्या मनात आलं, छान म्हटलं हिनं, अगदी सपाट. मग मनात हे आलं याचंच तिला आश्चर्य वाटलं. चहा उकळून उतू गेला होता.

बाहेर पुढचा प्रश्न आला नाही, कारण म्हातारीनं नव्या बाईचा लिहिता हात धरला होता.

"इकडे बघा जरा माझ्याकडे," म्हातारी म्हणाली. "मी सांगितलं, माझा मुलगा गेला. स्टुलावर बसल्या जागी गेला. तुम्हाला ऐकू आलं ना?"

"आलं, आजी."

"तुम्हाला मुलंबाळं आहेत?"

"मला उत्तर देता येत नाही, आजी. मी फक्त विचारायचं."

"माझ्या सुनेचा चेहरा असाच असतो," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू घरी आहे तशीच दुसऱ्याकडे दिसावी, तशी ती बघत होती. "अगदी असाच. तुम्ही दोघी बहिणी आहात का?"

"नाही हो."

"मग हे कुठून आलं?"

नव्या बाईनं पडद्याकडे पाहिलं असणार. मग ती हळू आवाजात बोलू लागली. ते सगळं तिनं सांगितलं. समोरासमोर खुर्च्या. ओठ हलला की पुन्हा पहिल्यापासून. "मला यायचंच नाही, आजी. मी रडायचेच. तुमच्या सूनबाईच शिकवायच्या. ताई म्हणायच्या, पुन्हा सांगते, ऐक. मग मी विचारलं, तुम्हाला कसं जमलं? तर म्हणाल्या, मीपण तुझ्यासारखीच होते. पटकन रडायचे."

"रडायची," म्हातारी म्हणाली. "नव्यानं आली तेव्हा आमचं मांजर हरवलं होतं. दोन दिवस जेवली नाही. विसरलेच होते मी." मग तिनं विचारलं, "आणि हे घरी आल्यावर काढून ठेवता येतं?"

"मला येतं अजून. मी नवी आहे." नवी बाई म्हणाली, "ताईंना मी विचारलं होतं. म्हणाल्या, आधी यायचं. कधी बंद झालं ते कळलं नाही."

पडद्याआड चौकशीबाई कप हातात घेऊन उभी होती. आपण असं बोललो होतो हे तिला आठवत होतं. सहज बोललो होतो, डबा खाताना.

"आजी, शेवटचा प्रश्न राहिलाय. विचारू?"

"विचारा. तुमचं काम आहे."

"एकंदर आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल?"

म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. गल्लीत कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला. चौकशीबाईला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळत होता. तेवढं एकच तिला या जगात नक्की कळत होतं.

"शून्य लिहा," म्हातारी म्हणाली. "माझं शून्य. आणि तिचं विचारू नका, तिला सांगता येणार नाही."

चहा झाला. नव्या बाईनं तो उभ्यानंच घेतला. दाराशी आल्यावर तिनं चौकशीबाईला विचारलं, "ताई, हे वगळायचंच ना?" तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. चौकशीबाई म्हणाली, "नियम आहे. वगळ." नव्या बाईनं तिथंच उभं राहून त्या घरावर आडवी रेघ मारली. पुढे संस्थेत सगळ्या गावांची बेरीज झाली तेव्हा या गावाला आठाच्या वर गुण पडले, आणि मोठ्या बाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या म्हणतात. त्यांना काहीतरी कमी वाटत होतं. पण जे कागदावर नाही ते त्यांना तरी कसं दिसावं?

रविवारी नणंद आली. आल्या आल्या तिनं खाटेखालचं बोचकं पाहिलं, भावजयीकडे न बघता पाणी प्यायली आणि म्हणाली, "चल आई. रिक्षा नाक्यावर थांबवलीय."

म्हातारी खाटेवर बसून होती. उठली नाही. "मी येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? तूच तर निरोप दिलास. म्हणालीस, या घरात माझ्या मुलासाठी रडायला कुणी नाही."

"म्हणाले होते. हिला रडता येत नाही गं."

"तेच म्हणतेय मी. चार लोकांत मान खाली घालायची पाळी आली आमच्यावर. म्हणून तर न्यायला आलेय तुला."

"तुला कळायचं नाही," म्हातारी म्हणाली. "पाय मोडलेल्या माणसाला चालत नाही म्हणून कुणी घराबाहेर काढतं का? की त्याला सोडून आपण निघतो?" मग तिनं सुनेला हाक मारली. "इकडे ये. बस इथं माझ्याजवळ."

चौकशीबाई पदराला हात पुसत आली आणि खाटेच्या कडेवर बसली. म्हातारीनं तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "आता मी रडणार आहे," ती म्हणाली. "दोघींचं रडणार आहे. मी रडते आहे तोवर तू उठायचं नाहीस. तुला काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

आणि म्हातारी रडू लागली. मोठ्यानं, तोंड उघडून, मुलाचं नाव घेत. दार उघडं होतं. गल्लीतून जाणारी माणसं थांबली, समोरची बाई ओसरीवर आली. नणंद घाईनं दार लावायला गेली. म्हातारी रडता रडताच म्हणाली, "राहू दे उघडं." नणंदेचा हात कडीवरच राहिला. मग तीही तिथंच उंबऱ्यावर खाली बसली आणि गुडघ्यात डोकं घातलं.

चौकशीबाई बसून होती. चेहरा तसाच, कोरा. मनाच्या आत तिनं हात घालून पाहिला, रोज पाहायची तसा, आणि तिथं काही नव्हतं. सासू त्याच्याबद्दल सांगत होती. लहानपणी विहिरीवरचा पंप उघडून बसला आणि परत जोडता येईना म्हणून अंधार पडेपर्यंत घरी आला नाही. बायकोच्या बोलण्यावर हसायचा आणि ती झोपली की आईला म्हणायचा, बोलते तेवढं घर भरलेलं वाटतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते ऐकलं. मान हलवली नाही. 'बरं' मात्र म्हणाली नाही.

बऱ्याच वेळानं म्हातारी दमली. हुंदके विरळ झाले. तिनं पदरानं आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग सवयीनं सुनेचंही पुसलं. ते कोरडंच होतं. म्हातारीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं विचारलं, "उठू का आता? चहा टाकते."

चौकशीबाईनं हात सोडला नाही.

"थोडं अजून, आई," ती म्हणाली.